हाताला जड लागला तो घेतला

मोहाचा तांडा, पो. ढाणकी, ता. उमरखेड
७ एप्रिल २०२५

आदरणीय गावंडे सरांस,

जय सेवालाल. मी देवीलाल आडे, आयटीआयची शहाण्णवची वायरमनची बॅच. मागच्या बाकावर झोपणारा आणि तुमचा डस्टर खाणारा तो मीच.

परवा तुमच्या घरी फोन लावला होता. विमलकाकूंनी उचलला. म्हणाल्या, "त्यायले फोनवर काहीच आयकू येत नाही बापा, अन् मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. कागदावर लिहून टाक, भिंग घेऊन वाचतात ते." म्हणून हे पत्र. इतक्या वर्षांनी पेन धरलं आहे, अक्षर सांभाळून घ्या.

मी शेती करतो आणि तांड्यातली वायरिंगची कामंही करतो. मुलगी बबिता बी.कॉम. झाली. वर्षभरापासून ती तांड्यात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, जातीचे दाखले, मुलांचे फॉर्म, सगळं तिच्याकडेच. तांड्याच्या नायकांनी सेवालाल महाराजांच्या देवळाला लागून असलेली खोली तिला दिली. माझी बायको लालीबाई दिवसभर तिथेच दाराशी बसून तुरीची डाळ निवडते. मी म्हणतो, पोरीपेक्षा तीच जास्त ड्युटी करते.

मागच्या आठवड्यात फट् असा आवाज होऊन कॉम्प्युटरमधून धूर निघाला. त्याचा एसएमपीएस जळाला. तुमच्या वेळी वर्गात कॉम्प्युटर नव्हते म्हणून सांगतो. मोठ्या डब्याच्या आत मागच्या बाजूला एक लोखंडी डबा बसवलेला असतो. घरची वीज घेऊन कॉम्प्युटरला झेपेल एवढी करून देणं हे त्याचं काम. ढाणकीच्या दुकानात चार तऱ्हेचे आहेत. चारही दिसायला सारखे आणि चारहींवर पाचशे वॉट छापलेलं. नावाजलेल्या कंपनीचा मागवायचा तर आठ-दहा दिवस लागतात आणि दाखल्यांसाठी लोक ओट्यावर बसून आहेत. या चारांतला बरा कोणता ते कसं ओळखायचं?

आपला विद्यार्थी,
देवीलाल

---

बाभुळगाव
१३ एप्रिल २०२५

चि. देवीलाल यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तर तुझ्या काकूने ते मला द्यायच्या आधी शेजारच्या दोन घरांत दाखवून आणलं. आमच्याकडे पत्र येतं म्हणजे आम्ही अजून मोठी माणसं आहोत, असं तिचं म्हणणं.

अक्षर होतं तसंच आहे, म्हणजे वाईट.

आता कामाचं. डब्यावर काय छापलं ते वाचूच नको. पाचशे काय, पाच हजारही छापता येतात. मी तुम्हा पोरांच्या डोळ्याला रुमाल बांधून दोन हातांत दोन ट्रान्सफॉर्मर द्यायचो, आठवतं का? ज्यात तांबं आणि लोखंड पुरेसं घातलं आहे तो जड लागतो. ज्याने आतलं सामान खाल्लं त्याचा हलका लागतो. एकतीस बॅचेस मी हेच शिकवलं आणि एकदाही चुकलो नाही. दुकानात जा, चारही डबे एकेक करून हातात घे. जड लागेल तो डोळे झाकून उचल.

लालीबाईंना माझा नमस्कार सांग. बबिताला म्हणावं, तुझ्या बापाला मी तीन वेळा वर्गाबाहेर काढलं होतं.

रामराव गावंडे

---

मोहाचा तांडा
४ मे २०२५

आदरणीय सर,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. चारही डबे हातात तोलून पाहिले. दुकानदार हसला. "काका, हे काय कापसाचं गाठोडं हाय का?" म्हणाला. तिसरा डबा बाकीच्यांच्या दुप्पट जड लागला. तोच आणला. दोन आठवड्यांपासून चालू आहे, बबिता खूश आहे. तुमचं पत्र तिनेच आम्हाला वाचून दाखवलं. वर्गाबाहेर काढल्याचं तिने दोनदा वाचलं.

एक गोष्ट विचारायची आहे. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. त्या खोलीला अर्थिंग नाही, बोर्डाचं तिसरं भोक रिकामंच आहे. लालीला झिणझिण्या आल्या तर ती म्हणते, "महाराज जागे हायेत." खोलीत महाराजांचा आणि जगदंबेचा फोटो आहे, त्यामुळे तिथे सगळे अनवाणी येतात. परवा तलाठी आले तर लालीने त्यांचेही बूट दारात काढायला लावले. काही काळजीचं आहे का?

देवीलाल

---

बाभुळगाव
१० मे २०२५

चि. देवीलाल,

झिणझिण्यांना घाबरू नको. अर्थिंग नसलं की अशा डब्यांना त्या येतातच. अर्ध्या जिल्ह्याला येत असतील, आमच्या फ्रिजलाही येतात. पण अर्थिंग मात्र करून घे. सहा फूट खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वरून पाणी घालायला जागा. हे तुला सांगायला लागू नये.

घाई मात्र करू नको. सध्या पारा चव्वेचाळीसला आहे, त्या उन्हात मुरमात खड्डा खोदशील तर तुलाच दवाखान्यात न्यावं लागेल. जमीन मऊ झाली की खोद. तोवर बबिताने पायात रबरी चप्पल घालून काम करावं. लालीबाईंना सांग, गावंडे सर म्हणतात महाराज रागावणार नाहीत.

रामराव

---

मोहाचा तांडा
२६ जून २०२५

आदरणीय सर,

अर्थिंग केलं. सहा फूट तीन इंच खड्डा. पाइप दोन इंची. कोळसा आणि मिठाचे एकावर एक पाच थर दिले. वायर जाड घेतली, मध्ये कुठेही जोड नाही. बोर्डाच्या तिसऱ्या भोकापर्यंत नेली. टेस्टर पेटत नाही. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाहिलं, पेटत नाही.

एक विचारायचं होतं. समजा अर्थिंग असेल आणि डब्यात थेट वीज उतरली, तर हात लावणारा माणूस वाचतो का? नक्की वाचतो का, तेवढं कळवा.

देवीलाल

---

बाभुळगाव
२ जुलै २०२५

चि. देवीलाल,

शाब्बास! सहा फूट तीन इंच! वरचे तीन इंच शाळेच्या नावाने जमा केले.

तुझा प्रश्न परीक्षेत दहा मार्कांना यायचा आणि तू तो दर वेळी सोडून द्यायचास, म्हणून आता सविस्तर लिहितो. डब्यात वीज उतरली की ती सर्वांत सोपी वाट शोधते. अर्थिंग असेल तर ती डब्यातून वायरीने जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि सगळं बंद पडतं. अर्थिंग नसेल तर ती डब्यातच बसून राहते, कोणी हात लावायची वाट बघत. तेव्हा अर्थिंग असलं तर माणूस वाचतो. शंभर टक्के वाचतो. आता तुझ्या घरची माणसं निश्चिंत.

लालीबाईंना म्हणावं, आता महाराज झोपले. तुझी काकू विचारते आहे, बबिताचं लग्नाचं काही बघता की नाही? मी म्हटलं, ते पत्रात लिहिणार नाही, आणि बघ, लिहिलंच.

रामराव

---

मोहाचा तांडा
१९ जुलै २०२५

आदरणीय सर,

लाली नाही. १९ मे, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास गेली. आज दोन महिने झाले.

मागच्या पत्रात मी तुम्हाला सांगितलं नाही. मला फक्त ते अर्थिंगचं विचारायचं होतं. तुमचं शंभर टक्केचं पत्र आलं, वाचलं आणि पेटीत ठेवलं.

झालं असं. लाली रोज महाराजांसमोर दिवा लावायची. कॉम्प्युटरचा डबा फोटोच्या पाटाशेजारीच जमिनीवर असतो. तिचा गुडघा दुखायचा, उठताना ती हाताला येईल ते धरायची. त्या दिवशी तिने डबा धरला. पाय अनवाणी होते, आणि बबिताने नुकतीच फरशी पुसली होती. बबिता हापशीवर पाणी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा लाली पडलेली होती. तिने ओढणीने वायर ओढून काढली. मी शेतात होतो. मला कळून मी येईपर्यंत तिला अंगणात खाटेवर ठेवलं होतं. उमरखेडला नेलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. पोलिसांनी अपघात लिहिला, तांड्यात कोणी कोणाला नाव ठेवलं नाही.

माझं म्हणाल तर मला काही होत नाही. जेवतो, झोपतो, म्हशीला पाणी दाखवतो, कपाशीला डवरणी केली. लोक भेटायला येतात तर त्यांना मीच चहा विचारतो. खड्डा खोदतानासुद्धा मी फक्त फूट मोजत होतो.

पण बबिताचं बरं नाही. त्या दिवशी ती एकदाच बोलली, "मी फरशी ओली ठेवली, बा." त्यानंतर हो आणि नाही, एवढंच. जेवणाचं ताट तसंच परत येतं. केंद्र बंद आहे. ती भिंतीकडे तोंड करून बसते. माझं एक माणूस गेलं, दुसरं डोळ्यांसमोर जात आहे आणि मला काय करावं ते सुचत नाही.

तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही तिला पत्र लिहा. लिहा की फरशी कोरडी असती तरी हेच झालं असतं. तुमचं ती खरं मानेल.

तो एसएमपीएस एसटीच्या पार्सलने बाभुळगावला पाठवला आहे. उघडून बघा. मी दोनदा स्क्रू काढायला बसलो, हात चालला नाही.

देवीलाल

---

बाभुळगाव
५ ऑगस्ट २०२५

देवीलाल,

पार्सल मिळालं. डबा उघडला.

चार स्क्रू काढल्यावर झाकणाच्या आतून एक लोखंडी पट्टी निघाली, साबणाच्या वडीएवढी. कोणत्याही वायरीला जोडलेली नाही. डब्यात तिला काही काम नाही. वजन वाढावं म्हणून झाकणाला गोंदाने चिकटवलेली होती. ती बाजूला काढली तर बाकीचा डबा रिकाम्या टिफिनपेक्षा हलका. जिथे चार भाग हवेत तिथे एक भाग आणि तीन रिकाम्या जागा. मे महिन्यातलं ऊन आणि आतली धग यांनी गोंद सुटला असणार. पट्टी खाली घसरली. तिचं एक टोक वीज आत येते त्या सोल्डरच्या टाक्यावर टेकलं आणि दुसरं बाहेरच्या पत्र्याला. दोन्ही जागी काळे डाग आहेत. तुझ्या कॉम्प्युटरचा अख्खा पत्रा त्या क्षणापासून जिवंत झाला होता.

हलका डबा कोणी घेणार नाही हे विकणाऱ्यालाही माहीत होतं. माझ्यासारखे मास्तर पोरांना काय शिकवतात हे त्याला माझ्यापेक्षा बरं कळलं.

कापसात पाणी मारतात, गंजीच्या पोटात दगड घालतात, हे मी लहानपणापासून बघत आलो. माझे वडील कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय कापूस घेत नसत. त्यांचा मुलगा असून मी तुला डोळे झाकून उचल म्हणालो. खड्ड्याची घाई करू नको, हेही मीच लिहिलं. झिणझिण्यांना घाबरू नको, हेही. तू काही विचारलं नाहीस, पण मी सांगून ठेवतो. या तिन्ही गोष्टी माझ्या अक्षरात तुझ्या पेटीत आहेत.

विमलला सांगितलं. ती दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही कप तसेच आहेत.

बबिताचं पत्र सोबत वेगळं बंद करून देतो, ते तिचं तिलाच उघडू दे. तू म्हणतोस तसं मी लिहू शकलो नाही. रागावू नको.

रामराव

---

बाभुळगाव
५ ऑगस्ट २०२५

चि. बबिता,

तू मला पाहिलेलं नाहीस. तुझ्या वडिलांना वर्गाबाहेर काढणारा तो म्हातारा मी.

डब्यात काय निघालं ते त्यांना लिहिलं आहे, ते वाचून घे. तो डबा माझ्या सांगण्यावरून घेतला. तुझ्या वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. अर्थिंग लांबलं तेही माझ्या सांगण्यावरून.

आता फरशीचं. फरशी कोरडी असती तर तुझी आई वाचली असती का? तू हे स्वतःला रोज विचारत असशील. मी चाळीस वर्षं विजेचं काम केलं आणि शिकवलं. खरं उत्तर असं आहे की मला माहीत नाही. ओल्या फरशीने वीज सहज उतरते, हे खोटं म्हणून मी तुला सांगणार नाही. पण अनवाणी पाय, मे महिन्यातला घामेजला हात आणि आधाराला घट्ट धरलेला पत्रा, एवढ्यावरही माणसं गेलेली मी पाहिली आहेत. वाचलेलीही पाहिली आहेत. मी आजवर तुमच्या घरी जे जे खात्रीने लिहिलं ते चुकलं. म्हणून या वेळी खात्रीने लिहीत नाही.

तुला वाटलं तर लिही. मला ऐकू येत नाही, पण भिंगाखाली सगळं वाचतो.

रामराव गावंडे

---

मोहाचा तांडा
२४ ऑगस्ट २०२५

गावंडे सरांना नमस्कार.

इथे सगळे मला एकच सांगतात, तुझा दोष नाही. आत्या म्हणते, नायक म्हणतात, आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणतात. मी मान हलवते. तुम्ही एकट्यांनी माहीत नाही असं लिहिलं. म्हणून तुम्हाला लिहिते.

फरशीचं मी खोटं सांगितलं. म्हणजे फरशी मीच पुसली होती, पण मला जे खातं ते फरशी नाही. ते नाव मी पुढे केलं, कारण ते सांगता येण्यासारखं होतं.

त्या सकाळी मी तुम्ही लिहिलं होतं म्हणून चप्पल घालून आत बसले होते. याडीने, म्हणजे आईने, पाहिलं आणि ती अख्ख्या ओट्यासमोर मला ओरडली. "महाराजायच्या पुढ्यात चपला घालून बसतं का कोणी? शिकली म्हणून डोक्यावर चढली का?" चार माणसं दाखल्यासाठी बसली होती. सगळे बघत होते. मी चप्पल बाहेर फेकली. रागात फरशी पुसायला घेतली, धूळ फार झाली होती. पुसता पुसता डब्याला कोपर लागलं आणि मला झटका बसला. रोजच्या झिणझिण्या नाहीत, हात फेकला गेला, दातावर दात आपटले.

मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं, बंद केला म्हणजे संपलं. बोर्डावरचं बटण चालूच राहिलं. लोकांना म्हटलं, आता मशीन बंद आहे, चार वाजता या. बाहेर आले तर याडी अंगणात काडेपेटी शोधत होती. मला माहीत होतं ती आता दिवा लावायला आत जाणार. तोंडाशी आलं होतं, याडी, डब्याला हात लावू नको.

मी बोलले नाही. माझ्या मनात आलं, लागू दे तिलाही एक झटका, म्हणजे उद्यापासून चप्पल घालू देईल.

हंडा उचलला आणि हापशीवर गेले.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बा समोर बसून जेवत असतात तेव्हा मला त्यांच्याकडे बघता येत नाही. मला रडूही येत नाही. लोकांना वाटतं, आईच्या दुःखाने मुकी झाली. मी मुकी नाही, बोलले तर हेच बाहेर येईल म्हणून बोलत नाही. बांना कळवायचं का ते तुम्ही ठरवा. मला जमणार नाही.

बबिता

---

बाभुळगाव
३० ऑगस्ट २०२५

चि. बबिता,

पत्र तीनदा वाचलं आणि विमललाही वाचायला दिलं. हे तुला न विचारता केलं, पण तिच्यापासून मी काही लपवत नाही. ती वाचून म्हणाली, "पोरीनं एक झटका मांगला होता. मरण थोडंच मांगलं होतं." मला याहून बरं लिहिता येणार नाही.

बटण दाबल्यावर डबा बंद होतो असं तुला वाटलं. ते सगळ्यांनाच वाटतं. पडदा काळा झाला तरी मागच्या डब्यात वीज असतेच, बोर्ड बंद करेपर्यंत. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. मी दोन पत्रांत हे लिहायला हवं होतं आणि फ्रिजबद्दल लिहीत बसलो.

ओरडणाऱ्या आईवर राग येणारी तू पहिली मुलगी नाहीस. तो राग संध्याकाळी भाकरी खाताना संपला असता. त्याला संध्याकाळ मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

देवीलालला मी काही कळवणार नाही. तुझ्या वतीने माफी मागणार नाही आणि लपवायलाही मदत करणार नाही. तूच सांग. तो काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. कदाचित फार वाईट काही बोलेल. तरी सांग. तुम्ही दोघं एका घरात एकमेकांना चुकवून जेवता, ते असं किती दिवस चालेल?

रामराव

---

मोहाचा तांडा
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,

काल तुरीत निंदण करत होतो. बबिता बरोबर आली होती. चार महिन्यांत ती पहिल्यांदा शेतात आली. दुसऱ्या तासाला ती बांधावर बसली आणि म्हणाली, "बा, मले सांगायचं हाय." मग तिने सगळं सांगितलं. तुम्हाला लिहिलं होतं तेही सांगितलं.

सर, त्यातलं अर्धं मला माहीत होतं. लालीला पोचवून आलो त्या दिवशी दाखल्यासाठी बसलेल्यांपैकी एकजण माझ्याजवळ आला. म्हणाला, "भाऊ, बबितानं आमाले परत पाठवलं होतं. मशीन बंद हाय म्हणे." माणसं ओट्यावर बसलेली असताना बबिता काम थांबवत नाही. ती जेवायलासुद्धा उठत नाही. मी वायरमन आहे, मला तिथेच कळलं की तिला झटका बसला होता आणि तिने आईला सांगितलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे कोणाला बोलू नको. तो बोलला नाही. फरशीचं पत्र मी तुमच्याकडे मागितलं ते याचसाठी. तिला फरशीवर तरी सोडवावं, बाकीचं तिला कधी सांगावंच लागू नये, असं मला वाटलं. रोज तिच्यासमोर जेवत होतो आणि मला माहीत आहे हे तिला कळू देत नव्हतो.

ती सांगत होती तेव्हा मी पहिल्यांदा ऐकतो आहे असं दाखवलं.

पण ती मनात झटका लागू दे म्हणाली होती, ते मला माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर मी विळा खाली ठेवला.  तिने विचारलं, "बा, तुमाले राग आला का?"

मी हो म्हटलं.

लालीला खाटेवर पाहिलं तेव्हापासून मला काही आलं नव्हतं, ना रडू ना राग. काल आला.  तिच्यावर आला, लालीवर आला, स्वतःवर आला, तुमच्यावरही आला सर, खोटं सांगत नाही. मी तिला म्हटलं, "हो, आला. लई आला." मला वाटलं ती उठून जाईल. ती गेली नाही. ती जवळ सरकून बसली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि याडी, याडी म्हणून मोठ्याने रडायला लागली. मग मीही रडलो.

देवीलाल